अमडापूरचं कार्ड

बुद्धिबळात मी आयुष्यात किती डाव जिंकलो ते मोजायला एक हात पुरतो, आणि त्यातही अंगठा मोकळा राहतो. हरलेल्या डावांचा हिशेब मी ठेवलेला नाही. ते काम समोरचे लोक आनंदानं करतात. पण या सगळ्या हरण्यांमध्ये एक हरणं असं आहे की डाव गेल्याचं मला तेव्हाही फार वाटलं नव्हतं. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते सांगायचं तर तुम्हाला आधी माझ्याबरोबर नाक्यावर येऊन बसावं लागेल, आणि तिथं बसायला दुसरी खुर्ची नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी चिखलीचा. मॅट्रिक दुसऱ्या खेपेला सुटलो आणि जंगल खात्यात कारकून म्हणून लागलो. नेमणूक निघाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सोनाळ्याच्या पुढं तीन मैलांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तपासणी नाक्यावर. नाका म्हणजे काय, तर रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू, त्याच्या बुडाशी तारेनं बांधलेला दगड, आणि बाजूला टिनाची एक खोली. डोंगरातून लाकूड-बांबूची गाडी उतरली की तिचा पास पाहायचा, रजिस्टरात लिहायचं, आणि दगडाचं टोक दाबून बांबू वर करायचा. रजिस्टरं जुनीच होती. त्यांच्या माथ्यावर मध्य प्रदेश छापलेलं, त्यावर मुंबई राज्याचा रबरी शिक्का, आणि तो खोडून मी हातानं 'महाराष्ट्र' लिहायचं. गाड्या इतक्या कमी यायच्या की मी पुढच्या दोन वर्षांची पानं महिन्याभरात महाराष्ट्रात आणून ठेवली.

माझ्याबरोबर एक वनरक्षकही नेमलेला होता. पण त्याचं घर, म्हैस आणि सासरा, तिन्ही सोनाळ्यातच असल्यामुळे तो नाक्यावर पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच लवकर उठायचा. मग मी, बांबू, आणि एक पिवळट कुत्रं. कुत्र्यालाही गावात काम असायचं.

घरून निघताना मी ट्रंकेत बुद्धिबळाचा पट टाकला होता. तिथं गेल्यावर लक्षात आलं की या खेळाला दोन माणसं लागतात. काही दिवस मी दोन्ही बाजूंनी खेळलो. त्यातही हरायला लागलो तेव्हा सोडलं.

अशात एका मासिकाच्या शेवटच्या पानावर टपाली बुद्धिबळ मंडळाची चार ओळींची जाहिरात दिसली. मी वर्गणी पाठवली. चिटणिसांनी निळ्या कागदावर छापलेले नियम धाडले. पटावरच्या चौसष्ट घरांना दोन-दोन आकडी नंबर दिलेले. सोंगटी ज्या घरातून निघाली आणि ज्या घरात गेली ते दोन नंबर कार्डावर लिहायचे, झाली चाल. कार्ड मिळाल्यावर पाच दिवसांच्या आत उत्तर टाकायचं. पेटीत पडलेली चाल परत घेता येणार नाही. आणि शेवटचा नियम असा होता की कार्डावर चालीखेरीज इतर मजकूर शक्यतो लिहू नये.

त्या 'शक्यतो'वर मी पुढचे नऊ महिने जगलो.

प्रतिस्पर्ध्याचा पत्ता उघडून पाहिला आणि एकटाच हसलो. गाव अमडापूर. म्हणजे चिखलीहून खामगावला जाताना एसटी जिथं दहा मिनिटं थांबते आणि जिथली भजी मी लहानपणापासून खात आलो, ते अमडापूर. घरापासून चार तासांची धूळ खाऊन मी इतक्या लांब आलो आणि मंडळानं मला गडी दिला तो आमच्या अंगणातला. पत्त्यात एक नाव होतं, ते इथं सांगत नाही, आणि खाली 'बाजार रोड' एवढंच.

पहिलं कार्ड आलं थंडीत. वर चार आकडे, बावन्नवरून चोपन्न, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं. अक्षर टपोरं, सुबक, एकेक अक्षर जणू टाचणी लावून बसवलेलं. खाली काही नाही. मी माझी चाल लिहिली, कार्ड पुढ्यात धरलं, आणि त्या खालच्या मोकळ्या जागेकडं पाहत बसलो. मग लिहिलं, 'इकडे थंडी फार आहे.' लिहून झाल्यावर लाज वाटली. वरचे चार आकडे नियमाप्रमाणे होते, खालची ओळ म्हणजे भीक होती. पण पेटीत पडलेलं परत घेता येत नाही.

बारा दिवसांनी उत्तर आलं. वर चाल, आणि खाली त्याच टपोऱ्या अक्षरात: 'इकडेही आहे. गोधडी दुहेरी शिवावी.'

ते कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगितलं तर तुम्ही माझ्याबद्दल जे मत करून घ्याल ते बरोबरच असेल.

टपाल नाक्यावर आठवड्यातून दोनदा यायचं, मंगळवारी आणि शनिवारी. पोस्टमन सोनाळ्याहून सायकलवर यायचा आणि अर्ध्या फर्लांगावरूनच माझं कार्ड मला ओरडून सांगायचा. उघडं कार्ड, वाचू नको म्हणायची सोय नव्हती.

"बाबू, एकसष्टवरून चौतीस. घोडा हाये का उंट?"

"उंट."

"आन् खाली लेह्यलं हाये का वांग्यावर कीड पडली. हे समजलं मले." सायकल बांबूला टेकवून तो कार्ड द्यायचा आणि पाणी प्यायचा. एकदा म्हणाला, "काऊन बाबू, तो मानूस तिकडे सोंगटी गुपचूप सरकोत असंन तं?"

"सरकवून काय करणार? चाल तर कार्डावर लिहावी लागते."

"मंग तुम्ही सरकोत असान."

"मी कशाला सरकवू?"

"नाही, एकटेच राह्यता न इथं. म्हनून म्हटलं." असं म्हणून तो निघून गेला. पुढचे तीन दिवस ते वाक्य माझ्याबरोबर खोलीत राहिलं.

कार्डांवर हळूहळू एक संसार उभा राहिला. मी लिहिलं, पिठलं गोळ्या-गोळ्यांचं होतं. उत्तर आलं, पाणी आधी उकळू द्यावं, मग पीठ भुरभुरावं. मी लिहिलं, शर्टाची बटणं तुटली. उत्तर आलं, दोरा मेणावर ओढून घ्यावा. मी लिहिलं, उन्हाळ्यात टिन फार तापतं. उत्तर आलं, वर तुराट्या टाकाव्या आणि संध्याकाळी पाणी मारावं. एवढी अक्कल असलेला माणूस कोण असेल याचा मी विचार करायला लागलो, आणि विचार करायला माझ्याकडं दिवस पडलेले होते. मी त्याला निवृत्त हेडमास्तर केलं. अक्षरावरून. मग त्याला विधुर केलं, कारण स्वयंपाकातलं कळत होतं. एक खोली दिली, खिडकीपाशी पट मांडून दिला, डोळ्यांवर चष्मा चढवला. मुलगा नागपूरला असतो आणि पत्र लिहीत नाही, इथपर्यंत मी गेलो होतो. तो शिंपी असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, गोधडी, बटणं आणि मेणाचा दोरा एवढं सगळं समोर पडलेलं असताना. बुद्धिबळात मी का हरतो हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पण खरं सांगायचं तर मला त्या म्हाताऱ्याच्या एकटेपणाची गरज होती. माझी चाल पोचली की तिकडं एक माणूस खिडकीशी बसून दोन-चार दिवस माझ्या घोड्याकडं पाहणार, मी असं का केलं असेल याचा विचार करणार. चिखलीत घरचे माझ्यावर माया करत होते, पण माझ्याबद्दल सलग चार दिवस विचार करणारा माणूस जगात तो एकच होता.

म्हणून पुढं मी एक वेडेपणा केला. सोळाव्या-सतराव्या चालीला माझं एक प्यादं जास्त झालं. आता वजिराला वजीर, हत्तीला हत्ती मारून पट मोकळा केला असता तर दहा चालींत मी जिंकलो असतो, माझ्यासारखासुद्धा. मी ते चारदा मांडून पाहिलं. दहा चाली म्हणजे चार महिने. आणि नंतर? नंतर चिटणीस निकाल नोंदवणार आणि अमडापूरहून कार्ड येण्याचं काही कारण उरणार नाही. तेव्हा मी मारामारी टाळायला लागलो. तो वजीर समोर आणून ठेवायचा, मी माझा बाजूला न्यायचो. एखादं प्यादं उगाच एक घर पुढं. जिंकायचं टाळणारा मंडळातला मी बहुधा एकटाच सभासद असेन, आणि हे मी चिटणिसांना कळवलं नाही.

त्याच दिवसांत एका आठवड्यात एकही गाडी उतरली नाही. वनरक्षक साळीच्या लग्नाला गेलेला. माझा आवाज मला शेवटचा कधी ऐकू आला होता ते आठवेना. त्या शनिवारी मी चाल लिहिली आणि खाली लिहिलं, 'गाडी नसली तरी कधी कधी नाक्याचा बांबू वर-खाली करतो. करकर वाजतो तेवढंच बरं वाटतं.'

उत्तरात वर चाल होती. खाली एवढंच होतं: 'करत जावा. बुडाला तेल मात्र घालू नका.'

पोळ्याला मला आठ दिवसांची रजा मिळाली. घरी गेलो, बैल सजलेले पाहिले, आईच्या हातचं खाल्लं. निघताना आईनं मुगाचे लाडू बांधून दिले तेव्हा तिला म्हटलं, अजून थोडे दे, वाटेत एका म्हाताऱ्या मास्तरांना द्यायचे आहेत. आईनं डबा बदलून मोठा दिला.

अमडापूरला एसटी थांबली आणि मी ट्रंक घेऊन उतरलो. दुसरी गाडी दोन तासांनी होती. म्हातारा दारात येईल, चष्मा वर करील, मग काय बोलायचं याची दोन-तीन वाक्यं मी चिखलीपासून घोकत आलो होतो. बाजार रोडवर विचारत गेलो आणि लोकांनी मला एका टिनाच्या दुकानापाशी आणून सोडलं. आत शिलाईचं एक मशीन, मशीनवर वाकलेला शिंपी, आणि बाकड्यावर पाच-सहा माणसं. मध्ये पोत्यावर पट मांडलेला. माझाच डाव. माझा वजीर नेहमीप्रमाणे कोपऱ्यात लपून बसला होता.

मी नाव घेऊन विचारलं, "हे गुरुजी इथं राहतात का?"

सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. एकाच्या मांडीवर मेथीच्या जुड्या होत्या, तो भाजीवाला चपापून म्हणाला, "मीच हावो तो. काऊन?"

"आरे, हा गुरुजी कधी झाला बे?" त्याच्या शेजारचा म्हणाला. हा मापारी, बाजारात धान्य मापणारा, आवाज मापाइतकाच भरलेला. "कालपरेंत तं पालक इकत होता."

मी म्हटलं, "मी सोनाळ्याहून... म्हणजे नाक्यावरून."

मग बाकडं एकदम उठलं. "नाकेवाले बाबू?" "बसा न बाबू." "सरक बे, जागा दे." "चाय सांग." मला मधोमध बसवलं. कोणीतरी डबा उघडला. विधुर मास्तरांसाठी आणलेले लाडू पाच मिनिटांत संपले आणि माझ्या आईची तारीफ झाली.

भाजीवाल्यानं मग सगळं सरळ सांगितलं. "मले लेहता येत नाही बाबू, सहीपुरतं येते. नाव माह्यं हाये, पन चाल साऱ्याईची. मंगयवारी तुमचं कार्ड आलं का इथं चार दिस भांडन चालते. मंग जे ठरते ते मी सांगतो न हा लेहतो." त्यानं शिंप्याकडं बोट केलं. शिंपी मान वर न करता बाही जोडत होता. त्याच्या डोक्यावर एका तारेत माझी सगळी कार्डं ओवलेली होती, खिळ्याला टांगलेली, शाळेतल्या हजेरीसारखी.

आता मापाऱ्याला जोर चढला. "बाबू, पिठल्यात पानी आंदी उकळता का आता?"

सगळे हसले. मीही हसलो, हसण्यावारी नेण्यात मी पहिल्यापासून वाकबगार आहे.

"न गोधडी? दुहेरी केली का नाही?"

"केली."

"हाव, मंग ठीक हाये." आणि त्यानं शिंप्याचा मापाचा गज उचलला, एक टोक मांडीवर टेकवलं, दुसरं हळूच वर केलं, खाली केलं, परत वर केलं. तोंडानं "कर्रर्र" असा आवाज काढला. बाकडं हसून हसून वाकलं. त्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. आपल्या घरच्या पोराची नक्कल करावी तशी ती नक्कल होती, आणि ती त्यांनी माझ्यामागं बरेचदा केली असावी, कारण छान जमली होती. पण तेव्हा माझे कान तापले. त्या आठवड्यात ती ओळ लिहायला मला सबंध दुपार लागली होती. खिडकीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला ती लिहिलेली होती. तो म्हातारा आता नव्हताच, त्याच्या जागी हे बाकडं होतं.

हसला नाही तो फक्त शिंपी. मशीन मात्र त्यानं जोरात चालवलं.

"आता आलेच हा तं चाल इथंच सांगून टाका," भाजीवाला म्हणाला. "डाकीची वाट कायले पाहाची?"

इथं मी 'नको' म्हणायला हवं होतं. 'कार्डानं कळवतो' एवढे दोन शब्द. मला ते सुचलेही. पण मापाऱ्याच्या हातात अजून तो गज होता, आणि माझ्या डोक्यात आलं की पिठलं बिघडवणारा, बांबू हलवणारा हा बाबू बुद्धिबळ काय खेळतो ते यांना एकदा दाखवू. प्यादं जास्त होतं माझं. मी म्हटलं, "हो, चला."

मी चाल केली. भाजीवाल्यानं लगेच केली. मी केली. त्यानं केली. जी चाल यायला बारा दिवस लागायचे ती चहाचा कप ओठापर्यंत येण्याआधी यायला लागली. बाकड्यावरून सल्ले सुटत होते. "घोडं घे बे." "घेऊ नको, फसवून राह्यला." "बाबू लई खोल हाये." वजिराला वजीर गेला. मी महिनोन्‌महिने टाळलेली मारामारी पाच मिनिटांत उरकली. आणि खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती.

मग माझा हत्ती. तो मागच्या रांगेत राजाशेजारी पहारा देत होता. मला त्याला पुढं, मधल्या मोकळ्या पट्टीत आणावंसं वाटलं. नाक्यावर माझी सवय अशी की सोंगटी उचलायची, हवी तिथं ठेवायची, हात काढायचा, मागं टेकायचं आणि पाहायचं. कधी कधी तिला दोन दिवस तशीच ठेवायची. सकाळी उठून पुन्हा पाहायचं, चूक दिसली की परत आणायचं. चाल म्हणजे काय, तर कार्डावर लिहिलेली ती. तशी मी हत्ती उचलला, पुढं ठेवला, हात काढला, आणि मागं टेकून पाहायला लागलो.

"झालं?" भाजीवाल्यानं विचारलं.

"थांबा, पाहतो आहे."

"पाहाचं काय? हात सोडला न तुम्ही."

"हात सुटला का चाल झाली बाबू," मापारी म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "इथं असंच हाये."

तेवढ्यात मलाही दिसलं. माझा राजा कोपऱ्यात, त्याच्यापुढं त्याचीच तीन प्यादी भिंतीसारखी उभी, आणि मागची रांग उघडी. भाजीवाल्यानं मेथीच्या जुड्या बाजूला ठेवल्या, हत्ती उचलला, सरळ शेवटच्या रांगेत आणून ठेवला आणि अगदी हळू म्हणाला, "मात."

कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं आता बाकडं उड्या मारील. ते सगळे पटाकडं पाहत राहिले. मापाऱ्यानं गज जागेवर ठेवला.

"संपलं?" तो म्हणाला.

"हाव."

"मंग आता मंगयवारी काय करावं बे?"

भाजीवाला सोंगट्या गोळा करायला लागला, मग थांबला आणि पुन्हा होत्या तशा मांडून ठेवल्या.

गाडीपर्यंत मला सोडायला शिंपी आला. ट्रंकेचा एक कान त्यानं धरला होता. उभा राहिला तेव्हा कळलं की तो एका पायानं लंगडत चालतो. वयानं माझ्याहून पाच-सात वर्षांनीच मोठा असेल. गाडीची धूळ दिसली तेव्हा म्हणाला, "चाल त्याईची असे. खालची वळ मी आपल्या मनानं लेहो."

आम्ही ट्रंक खाली टेकवली.

"न तुमच्या साऱ्या वळी मी वाचून नाही दाखोल्या. ते बांबूचं मापाऱ्यानं माह्या हातातून घेतलं म्हनून वाचल्या गेलं. दोन-तीन कार्डं तारेत नाहीत. घरी हायेत."

कोणती दोन-तीन, ते विचारायला हवं होतं. निदान 'बरं' तरी म्हणायला हवं होतं. मी ट्रंक वर चढवली आणि खिडकीची जागा मिळते का ते पाहिलं. राग कोणाचा आला होता ते मलाही कळत नव्हतं, आणि असा राग काढायला हाताशी असलेला भला माणूस बरा पडतो. गाडी सुटली. तो तिथंच उभा होता.

खामगाव यायच्या आधी हिशेब लागला. डाव हरलो ते ठीक. पण तो डाव अजून चार-सहा महिने चालला असता, मी नीट टाळाटाळ केली असती तर आठही. तेवढी कार्डं मी चहा थंड व्हायच्या आत पटावर उधळून आलो होतो. आणि कोणी लुटलं नव्हतं. मीच 'चला' म्हणालो होतो.

मंगळवारी पोस्टमन आला तो सायकल न थांबवता पुढं पाड्यावर गेला. शनिवारीही. पुढच्या मंगळवारी थांबला. "काऊन बाबू, अमडापूरवाले रुसले का?"

"डाव संपला."

"कोन जिंकलं?"

"ते."

"मंग दुसरा सुरू करा." पाणी प्याला आणि गेला. त्याच्या दृष्टीनं सोपं होतं. चिटणिसांचं छापील कार्ड आलं: निकालाची नोंद झाली, नवा प्रतिस्पर्धी पुढच्या वर्षी नेमण्यात येईल.

मी शिंप्याला लिहायचं ठरवलं. कार्ड पुढ्यात घेतलं आणि अडकलो. वर चार आकडे असले की खालची ओळ सहज यायची; जाता जाता बोलल्यासारखी. आता वर काहीच नव्हतं. नुसतं 'इकडे पाऊस आहे' असं लिहून कार्ड टाकणं म्हणजे कोणाच्या तरी दारात जाऊन काम काय ते न सांगता उभं राहणं. तीन कार्डं फाडली. शेवटी मी लबाडी केली. वर लिहिलं, बावन्नवरून चोपन्न. नवा डाव. खाली लिहिलं, 'त्या दिवशी बोललो नाही. चुकलं.'

तीन आठवडे काही नाही. मग एका शनिवारी पोस्टमन फर्लांगभरावरून ओरडला, "बाबू, आकडे नाहीत. नुसती वळ हाये."

खरंच वरची जागा कोरी होती. खाली तेच टपोरं अक्षर. लिहिलं होतं की सोंगणी सुरू झाली, मग कापूस वेचणी लागेल, बाकड्यावर कोणी बसत नाही. भाजीवाला गावोगावचे बाजार करतो आहे. 'चाल कोण सांगणार? मला खेळ येत नाही, मी नुसता लिहितो. पण कार्ड आलं म्हणून उत्तर देत आहे. त्या दिवसाचं मनात ठेवू नका. नाक्यावर गाड्या येतात काय?'

मी उत्तर लिहिलं. गाड्या येत होत्या, थोड्या. त्यानं पुन्हा लिहिलं, लग्नसराईचं काम फार आहे, रात्री डोळे दुखतात. मी गुलाबपाणी सांगितलं, आईचा उपाय. अशी कार्डं त्या हिवाळ्यात तीन गेली, तीन आली. पण मधलं अंतर वाढत गेलं. डाव असला की पाच दिवसांत उत्तर टाकणं भाग असतं. नियम असतो, हरायची भीती असते, पट पुढ्यात मांडलेला असतो. खुशालीचं तसं नाही. तिला उद्या चालतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी बदली झाली, बुलढाण्याच्या कचेरीत. मी त्याला नवा पत्ता कळवला. तिथं पोचून आठवडा झाला नसेल तोच त्याचं कार्ड आलं. एवढ्या लवकर त्यानं कधी लिहिलं नव्हतं. बदली झाली ते बरं झालं, थंड हवेचं गाव आहे, असं काहीबाही होतं, आणि शेवटी विचारलं होतं, 'नवीन ठिकाणी बोलायला माणसं आहेत काय?'

होती. खोलीत आम्ही चौघं कारकून राहत होतो. एक पेटी वाजवायचा, एक सगळ्यांच्या साहेबांच्या नकला करायचा, आणि तिसऱ्यानं कॅरमचा बोर्ड आणला होता. ते कार्ड माझ्या हातात होतं तेव्हा बोर्डावर पावडर पडली होती आणि मला हाका सुरू होत्या. उत्तर आजच टाकू, असं मनाशी म्हणत मी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खेळायला बसलो.